गाण्यातली ढोलकी ऐकू येते, पण गाणाऱ्याचा आवाज गायब: हेडफोनची वायर घरी जोडता येईल का?

तुम्ही लिहिलंय की गाणं लावलं की वाद्यं वाजतात, पण गाणाऱ्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. भरतीच्या क्लासचे व्हिडिओ लावले तर सर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. पिन पिळून धरली की सगळं ठीक होतं, आणि गावात दुरुस्तीचं दुकान नाही. घरी नक्की जोडता येईल. कोणती तार तुटली तेसुद्धा या लक्षणावरून सांगता येतं: कॉमन तुटली आहे, आणि पिनेच्या गळ्याशीच तुटली आहे.

डाव्या कानाची तार वेगळी, उजव्याची वेगळी, पण दोघांची परत येणारी तार पिनेत एकच होते. तिला आम्ही कॉमन म्हणतो. ती तुटली की करंटला परतीची वाट राहत नाही आणि दोन्ही स्पीकर एकामागे एक सिरीजमध्ये जोडले जातात. मग ऐकू येतो तो डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक. दरवाजा दोन्ही बाजूंनी सारख्याच जोराने ढकलला तर हलत नाही, तसं. गाणाऱ्याचा आवाज बहुतेक गाण्यांत दोन्हीकडे सारखा भरलेला असतो, म्हणून तो मरतो. ढोलकी, बासरी एका बाजूला थोडी जास्त असते, ती उरते. क्लासचे सर एकाच माईकवर बोलतात, दोन्हीकडे तंतोतंत तेच, म्हणून तिथे सगळंच जातं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी मोटर वायंडिंगचं काम करते, मामाजींच्या हाताखाली शिकले. शेतपंपाच्या मोटरी जळून येतात, त्या आम्ही बांधून देतो. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा शेजारची दहावीतली पोर इअरफोन घेऊन आली. म्हणाली, "काकू, गाणं वाजते, पण सरचा आवाजच नाई येऊन राह्यला." तिच्या बाबांना वाटत होतं फोनच गेला. त्या घरात फोन एकच, आणि तिने आठवडाभर ओसरीत बसून धड्याची नुसती चित्रं पाहिली होती. मल्टिमीटर (तारेतून करंटची वाट आहे का ते दाखवणारा मीटर) लावला तेव्हा कळलं की केसाएवढी एक तार तुटलीय. तेव्हापासून असं कोणी विचारलं की मी हातचं काम ठेवून सांगते.

कापण्याआधी एक बघा. फोनच्या भोकात कापसाचे तंतू बसलेले असतात. वेचणीच्या दिवसांत फोन खिशात असला की हमखास, आणि मग पिन पूर्ण आत जात नाही, लक्षणं अशीच दिसतात. टॉर्च मारून बघा, फोन बंद करून लाकडी बारीक काडीने अलगद काढा, सुई घालू नका. दुसऱ्या कोणाचा चांगला इअरफोन तुमच्या फोनला लावून बघा. तो नीट वाजला तर दोष तुमच्या वायरचाच.

आता मीटर. तुमच्या ३.५ मिमीच्या पिनेवर तीन काळे पट्टे असतील, म्हणजे चार भाग. आजच्या फोनांत टोक म्हणजे डावा कान, त्यामागचं कडं उजवा, तिसरं कॉमन, आणि वायरीकडचा शेवटचा भाग माईक. काही जुन्या फोनांत शेवटचे दोन उलटे असत. मीटर २०० ओहमवर ठेवा. चांगल्या इअरफोनमध्ये टोक ते तिसरं कडं साधारण १६ किंवा ३२ ओहम दाखवतं, दुसरं ते तिसरंही तेवढंच. कॉमन तुटलेली असली की या दोन्ही ठिकाणी मीटर नुसता '१' दाखवतो, म्हणजे वाट बंद. पण टोक आणि दुसरं कडं यांच्यात दोघांची बेरीज येते, ३२ किंवा ६४. असं आलं तर दोन्ही स्पीकर जिवंत आहेत आणि फक्त कॉमन गेली आहे. एकच कान बंद असेल तर त्या एका बाजूचाच आकडा येणार नाही. मीटर लावून वायर पिनेपासून बोटाबोटाने वाकवत जा. आकडा जिथे येतो-जातो तिथेच तुटलं आहे.

मीटर नसेल तर १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल आणि वायरीचे दोन तुकडे घ्या. इअरफोन कानात घालू नका, समोर धरा, आणि टोक व तिसऱ्या कड्याला सेल क्षणभर टेकवा. 'टक' आवाज आला तर वाट सुरू आहे. टेकवून धरू नका. मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी तर अजिबात लावू नका, आतलं कॉइल जळतं.

पिन कुठून आणायची? बाजारात नवी पिन मिळते, पण पहिल्यांदा काम करणाऱ्याला मी ती सांगत नाही. तिच्या आतले टाके, म्हणजे तार जोडायच्या जागा, बारीक असतात, दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकलं की आतलं प्लास्टिक वितळतं आणि दोन कडी आपसात भिडतात. त्यापेक्षा दुसरा मेलेला इअरफोन शोधा, ज्याची पिन चांगली आहे. उंदराने मधेच कुरतडलेला सगळ्यात चांगला. त्याची पिन वीतभर वायरीसह कापा, तारांची टोकं खाली सांगितलंय तशी तापवून चांदी करा, आणि प्रत्येक तार कोणत्या कड्याला जाते ते मीटरच्या बीपवर बघून कागदावर लिहा. हे करताना पिनेचा गळा वाकवत राहा, नाही तर एक तुटकी पिन काढून दुसरी तुटकी लावाल.

तुमची वायर पिनेपासून तीनेक सेंटिमीटर सोडून कापा, दोन सेंटिमीटर कव्हर सोला. बहुधा हिरवी डाव्याची, लाल उजव्याची, तांब्याच्या रंगाची कॉमन आणि आणखी एखाद्या रंगाची माईकची निघेल. तांब्याच्या रंगाच्या दोन निघाल्या तर त्या बहुतेक दोन्ही कानांच्या कॉमन असतात. पण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, म्हणून त्यावर विसंबू नका. तार काळी किंवा हिरवी पडली असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम वायरीत उतरतो आणि तांब्याला हिरवा गंज धरतो. तिथे सोल्डर, म्हणजे तार जोडायचा वितळणारा धातू, बसतच नाही.

आता मुख्य गोष्ट, घरी केलेले बहुतेक जोड इथेच फसतात. या तारा उघड्या दिसतात, पण उघड्या नसतात. आतल्या केसाएवढ्या प्रत्येक तारेवर वार्निश असतं, ते लाल-हिरवं दिसतं ते वार्निशच. तांब्याच्या रंगाच्या तारेवरही पारदर्शक थर असू शकतो. त्यामुळे दोन तारा पिळून वरून काळी टेप गुंडाळली तरी करंट जात नाही, किंवा दोन दिवस जातो आणि थांबतो. मोटरीची तार आम्ही ब्लेडने खरवडतो, म्हणून त्या पोरीची तारही मी आधी ब्लेडनेच खरवडली. निम्मे केस तुटून गेले. ही तार खरवडायची नाही, तापवायची.

२५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. टोकावर सोल्डरचा मोठा थेंब घ्या, तार सोल्डरिंगच्या पेस्टमध्ये बुडवा आणि तिचं टोक त्या थेंबात धरून ठेवा. साठ-चाळीसचं (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) सोल्डर १९० अंशांच्या आत वितळतं, पण वार्निश जळायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून आयर्न पूर्ण तापू द्या. आधी काही होत नाही, मग बारीक धूर निघतो, आणि तीन-चार सेकंदांत तार टोकाकडून चांदीसारखी होत जाते. पाच मिलिमीटर चांदी झाली की पुरे. लायटरने जाळायचं असेल तर ज्योत अर्धा सेकंदच लावा. तांब्यात मजबुतीसाठी घातलेला नायलॉनचा धागा भुर्रकन पेटतो, तांबं काळं पडतं, आणि काळ्या तांब्याला डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, बसत नाही. आयर्न असेल तर लायटरच्या वाटेला जाऊ नका.

सोल्डरमध्ये शिसं असतं. ओसरीत किंवा खिडकीशी बसा, धूर तोंडावर घेऊ नका, लेकरांना जवळ बसवू नका, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.

जोडण्याआधी जाड नळी वायरीत आणि बारीक नळ्या एकेका तारेत ओवून ठेवा. डाग दिल्यावर त्या चढवता येत नाहीत आणि सगळं परत सोडावं लागतं. तापवून आवळणारी नळी मिळाली तर चांगलं, नाही तर वायंडिंगच्या दुकानातली साधी स्लीव्ह चालते. चारही जोड एकाच जागी करू नका. एक तार लांब, दुसरी आखूड ठेवा, म्हणजे जोड एकमेकांच्या शेजारी येत नाहीत आणि भिडत नाहीत. चांदी झालेली टोकं एकमेकांवर ठेवून आयर्न टेकवलं की लगेच धरतात. कॉमनला कॉमन सगळ्यात आधी जोडा.

नळ्या चढवण्याआधी वाजवून बघा. गाणं लावू नका, एकच माणूस बोलतोय असा व्हिडिओ लावा. आवाज दोन्ही कानांत सारखा आणि डोक्याच्या मधोमध आला तर कॉमन बसली. डावं-उजवं उलटलं असेल तरी त्यात कळणार नाही, ते स्टीरिओ गाण्यात बघून घ्या. मग नळ्या चढवा, जोडाच्या दोन्ही बाजूंची वायर दुमडून एक छोटा वेढा करा आणि शिलाईच्या दोऱ्याने बांधा, म्हणजे ओढ त्या वेढ्यावर येते, जोडावर येत नाही. पिनेच्या गळ्याशी पेनातली स्प्रिंग चढवली तर वायर तिथे एकदम मोडत नाही. फोन पँटच्या खिशात ठेवून सायकल चालवत असाल तर पिन वर राहील असा ठेवा, नाही तर गळा तिथेच तुटतो.

डोक्यावर घालायच्या मोठ्या हेडफोनचंही हेच, फक्त तिथे तार कधी कधी वाटीच्या तोंडाशी तुटते. गादी काढली की आत स्क्रू दिसतात. स्पीकरच्या टाक्यावर डाग झटकन द्या आणि कॉइलच्या बारीक तारांना हात लावू नका. टाइप-सी पिनेत बहुतेकदा चिप असते, त्यामुळे ती अशी कापून बदलता येत नाही. ब्लूटूथवाल्यात लिथियमची बॅटरी असते, त्याच्या आत तापलेलं आयर्न नेऊ नका.

आयर्न, मीटर काहीच नसेल तर तुमच्या भागातल्या पंप वायंडिंगच्या दुकानात जा. सबमर्सिबल बांधणाऱ्याकडे दोन्ही असतात. उन्हाळ्यात आणि रब्बीच्या पाण्याच्या दिवसांत आम्हाला मान वर करायला सवड नसते, तेव्हा पाऊस लागल्यावर दुपारी जा, कापलेली पिन आणि मेलेला इअरफोन सोबत न्या, आणि "भाऊ, एवढी कॉमन जोडून घेऊ द्या" म्हणा. दहा मिनिटांचं काम आहे.