फ्रान्ससारख्या देशाने बुरखा, नकाबवर बंदी घालावी का?

माझं स्पष्ट मत, सरसकट बंदी नको. फ्रान्समध्ये 2010 ला कायदा झाला आणि एप्रिल 2011 पासून रस्ता, दुकान, बस, सरकारी ऑफिस कुठेही चेहरा झाकला तर 150 युरोपर्यंत दंड. (हिजाबला यात काही अडचण नाही, त्यात चेहरा उघडाच असतो, लोक दोन्ही एकच समजतात.)

या कायद्याविरुद्ध एक फ्रेंच मुलगी युरोपच्या मानवाधिकार कोर्टात गेली होती, तिचं म्हणणं फार साधं होतं की नवऱ्याची, घरच्यांची कुणाची जबरदस्ती नाही, मी मनाने नकाब घालते, रोज घालतेच असंही नाही, आणि बँकेत, एअरपोर्टवर चेकिंगला चेहरा दाखवायला माझी ना नाही. मग अडलं कुठे? 2014 मध्ये कोर्टाने सुरक्षेचं कारण मान्य केलंच नाही, पण 'एकत्र राहण्यासाठी चेहरा दिसायला हवा' हा मुद्दा धरून बंदी कायम ठेवली. मला हे अजिबात पटत नाही. 2018 ला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही ही बंदी चुकीची ठरवली.

आता जबरदस्तीचं म्हणाल तर ती होते, नाही कशाला म्हणू, पण त्याच कायद्यात जबरदस्ती करणाऱ्याला 1 वर्ष कैद आणि 30,000 युरो दंड आहे ना, तेवढं कलम ठेवा की! बाईलाच दंड केला तर ज्या घरात खरंच जबरदस्ती आहे तिथे तिचं बाहेर पडणंच बंद होणार.