उपसाबंदीत ऊस : दुकानदाराचे तीन सल्ले आणि आमचं उत्तर

प्रश्न (करवीर, शिरोळ, जि. कोल्हापूर): उपसाबंदी, म्हणजे नदीतून मोटरनं पाणी उचलायला बंदी, लागणार असं कळलंय. दुकानदार म्हणतो, त्याआधी लागोपाठ दोन पाणी पाजा, युरिया दुप्पट टाका, जमलं तर मोटर मोठी बसवा. काय करावं?

उत्तर: तिन्ही करू नका.

एकरात आठ सेंटिमीटर पाणी म्हणजे सव्वातीन लाख लिटर. रान धरतं तेवढंच. जास्तीचं मुळांखाली जातं, जाताना युरियाही नेतं. शिरोळच्या काळ्या रानात त्यानं क्षार वर येतात. एकच पाणी द्या. पुढची पाळी आली की एक आड एक सरी भिजवा.

दुप्पट युरियानं पाला लुसलुशीत होतो, म्हणजे ऐन टंचाईत पाण्याची मागणी वाढते. पोती दुकानदाराची खपतात, ऊस तुमचा वाळतो. बंदीत फवारणी करा: 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम युरिया आणि 300 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे 2-2 टक्के, दर 15-20 दिवसांनी, ऊन उतरल्यावर. "चार टक्के मारा, लवकर उठतंय" असं कुणी सांगेल. पानं करपतील. दोनच टक्के.

मोठ्या मोटरनं नदीत पाणी वाढत नाही. बंधाऱ्यामागचा डोह लवकर आटतो, पाण्यात बुडालेला फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तोंडाची झडप) उघडा पडून मोटर हवा ओढते. परवान्यात अश्वशक्ती मंजूर असते. त्यावरची मोटर सापडली तर अडचण तुमची, दुकानदाराची नव्हे. जलनीतीत पिण्याचं पाणी पहिलं, शेती त्यानंतर. उपसाबंदी लागते ती यातूनच. गळती मात्र आपल्या हातात आहे. बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या बरग्यांच्या (फळ्यांच्या) दोन ओळींमधली माती धुपली की साठा रात्रंदिवस वाहून जातो. पाणी संस्थेनं पाटबंधारे शाखेला कळवून ती भरून घ्यावी. रात्री बरगे उपसणं म्हणजे शेजारच्या गावाशी भांडण विकत घेणं.

सगळ्यात आधी पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. खोडव्यातलं (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसातलं) पाचट पेटवू नका, पेटवू नका. सरीत पसरा. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणूखत टाकून बंदीआधीचं ते एक पाणी यावरच द्या. कोरड्या पाचटावर युरिया फेकून ठेवला तर बराचसा हवेत. पाचटाखालची माती उकरून बघा, शेजारच्या उघड्या सरीपेक्षा ओल किती जास्त दिवस टिकते ते कळेल.

ठिबक: महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, पूरक अनुदानासह अल्प-अत्यल्प भूधारकांना मापदंडाच्या (सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या) 80 टक्के, इतरांना 75. पूर्वसंमतीआधी संच घेतला तर अनुदान नाही, विक्रेता काहीही म्हणो.