तंत्रसल्ला : ‘मी डाउनलोड केलाच नाही, नुसता पाहिला!’

प्रश्न : ताई, माझा मुलगा जर्मनीत आखेनला एम.एस. करतोय. गेल्या आठवड्यात त्याला तिथल्या एका वकिलाचं पत्र आलं. त्याने एक इंग्रजी सिनेमा इंटरनेटवर ‘वाटला’, म्हणून साडेनऊशे युरो भरावेत आणि सोबतच्या कागदावर सही करून तो परत पाठवावा, असं त्यात लिहिलंय. मुदत दहा दिवसांची आहे. मुलगा शपथेवर सांगतो, की मी डाउनलोड केलाच नाही, मित्राने दाखवलेल्या एका ॲपवर नुसता पाहिला. पत्र खरं आहे की फसवणूक? व्हिसावर काही येईल का? घरात कुणालाच झोप नाही.
— एक आई, सांगली

उत्तर : आधी व्हिसाचं सांगते, कारण झोप त्यानेच उडाली असणार. हे पत्र सरकारचं नाही. सिनेमाचे हक्क ज्या कंपनीकडे आहेत तिच्या वकिलाने पाठवलेली ती दिवाणी मागणी आहे. जर्मनीत अशा पत्राला ‘आबमानुंग’ म्हणतात. तिथे शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना ही पत्रं येतच असतात, तुमचा मुलगा एकटा नाही. हे पोलिसांचं समन्स नाही आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची नोटीसही नाही.

पत्र बहुधा खरंच असेल. खऱ्या पत्रात सिनेमाचं नाव, तारीख, सेकंदापर्यंतची वेळ आणि त्या वेळचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा ओळख क्रमांक असतो आणि ते टपालाने येतं. नुसत्या ईमेलवर आलं असेल आणि खाली पैसे भरायची लिंक असेल, तर संशय घ्यावा. वकिलाच्या फर्मचं नाव स्वतंत्रपणे शोधून पडताळावं. पत्रातल्याच नंबरवर फोन करून ‘हो, पाहिला मी’ असं मात्र मुलाने बोलू नये.

आता तो ‘नुसता पाहिला’ म्हणतो त्याबद्दल. तुमचा मुलगा खोटं बोलत नाहीये. त्याला खरोखरच तसं वाटतंय आणि घोळ तिथेच आहे. अमेरिकेतल्या ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटोरंट, थोडक्यात टोरंट, ही फाइल वाटून घ्यायची पद्धत आणली. त्यात फाइलचे शेकडो-हजारो तुकडे केलेले असतात. ज्याला फाइल हवी त्याचं यंत्र हे तुकडे एका सर्व्हरकडून घेत नाही. तीच फाइल घेणाऱ्या इतर शेकडो लोकांकडून घेतं आणि आपल्याकडे आलेला तुकडा लगेच पुढच्याला देऊ लागतं. गावजेवणात वाढपी वेगळे आणि जेवणारे वेगळे असतात. इथे पानावर बसलेलाच शेजाऱ्याला वाढत असतो. २०१४ मध्ये पॉपकॉर्न टाइम नावाचं ॲप आलं आणि त्याने या यंत्रणेवर सुंदर पडदा चढवला. पोस्टर दिसतं, बटण दाबलं की सिनेमा सुरू. आत टोरंटच चालतं, फक्त तुकडे क्रमाने मागवले जातात म्हणजे सुरुवातीपासून बघता येतं. त्याच्या धर्तीवर पुढे बरीच ॲप्स निघाली. बघणाऱ्याला वाटतं आपण नेटफ्लिक्ससारखं काहीतरी बघतोय. प्रत्यक्षात सिनेमा चालू असताना त्याचा लॅपटॉप अनोळखी माणसांना तो सिनेमा देत असतो.

जर्मनीतलं सगळं प्रकरण त्या देण्यावर उभं आहे. टोरंटच्या घोळक्यात शिरणाऱ्या कुणालाही बाकीच्यांचे आयपी पत्ते दिसतात, तशी ती रचनाच आहे. हक्कदारांनी नेमलेल्या कंपन्या त्या घोळक्यात शिरतात आणि पत्ते टिपतात. मग न्यायालयाच्या आदेशाने इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाचं नाव मिळवलं जातं. यात कुणी लॅपटॉपमध्ये घुसत नाही, कुणी पाळतही ठेवत नाही. पुण्यात एका इंटरनेट कंपनीच्या नेटवर्क कक्षात मी बरीच वर्षं रात्रपाळी केली आहे. नवा सिनेमा लागला की शनिवारी मध्यरात्रीनंतर आलेखावर डाउनलोडच्या जोडीने अपलोडचीही रेघ चढायची. घरोघरी लोक ‘फक्त घेत’ होते आणि आमच्या पडद्यावर ते देताना दिसत होते.

मुलाने आता काय करायचं? मुदत चुकवायची नाही. पत्र कचऱ्यात टाकून प्रश्न मिटत नाही. सोबतच्या कागदावर, म्हणजे ‘पुन्हा असं करणार नाही’ या हमीपत्रावर, तशीच्या तशी सही करायची नाही. त्या हमीने माणूस वर्षानुवर्षं बांधला जातो आणि पुढे चूक झाली तर मोठा दंड बसतो. तिथले वकील हमीपत्राचा मजकूर बदलून, जेवढं देणं भाग आहे तेवढंच देतात. मागितलेली रक्कमही अनेकदा वाटाघाटीत खाली येते. खासगी व्यक्तीच्या पहिल्या प्रकरणात हक्कदाराच्या वकिलाची फी किती लावता येते यावर २०१३ च्या कायद्याने मर्यादा घातली आहे. नुकसानभरपाई मात्र वेगळी मागतात. मोठ्या विद्यापीठांत विद्यार्थी संघटनेचा कायदा सल्ला फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळतो. शिवाय प्रत्येक राज्यात ‘फरब्राउखरत्सेंट्राले’ ही ग्राहक सल्ला केंद्रं आहेत. त्याने उद्याच्या उद्या तिथे वेळ घ्यावी. घरात वायफाय सामाईक असेल, तर ज्याच्या नावावर जोडणी त्याच्या नावावर पत्र येतं. अशा वेळी आणखी कोण-कोण ते वापरत होतं, हे सल्लागाराला खरं-खरं सांगावं. आणि पुढे कधी न्यायालयाकडून पिवळ्या पाकिटात काही आलं, तर हरकत घ्यायला दोनच आठवडे असतात, हे त्याला आजच सांगून ठेवा.

ते ॲप आज काढून टाकायला सांगा. ‘टोरंट नको तर साध्या चोरीच्या साइटवर बघतो’ असंही तो म्हणेल. २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने उघड-उघड बेकायदा ठिकाणाहून स्ट्रीम करणंही माफ नसल्याचा निर्णय दिला आहे.

आपल्याकडे अशी पत्रं घरी येत नाहीत म्हणून इथे सगळं चालतं, असा समज आहे. तोही पुरता खरा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगतं. थिएटरात कॅमेरा लावणाऱ्यांसाठी २०२३ च्या दुरुस्तीने सिनेमॅटोग्राफ कायद्यात आणखी कडक कलमं आली. तिथे दंड निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. नुसतं बघणाऱ्याचं काय? २०१६ मध्ये बंद केलेल्या साइट उघडल्या की ‘हे पाहणंही गुन्हा आहे’ अशी पाटी दिसायची. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी तेव्हा स्पष्ट केलं, की गुन्हा पाहण्यात नाही. विनापरवाना वितरण, जाहीर प्रदर्शन, भाड्याने देणं यात आहे. पण टोरंटवर बघणारा नुसता बघत नाही, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

मुलावर फार रागावू नका. मात्र एक गोष्ट त्याच्याशी नक्की बोला. मराठी सिनेमाला थिएटरात जेमतेम एक-दोन आठवडे मिळतात, तेही अडचणीच्या वेळांचे खेळ. त्या दिवसांत कॉपी बाहेर पडली, तर ज्याने घर गहाण टाकून सिनेमा काढला त्याचे पैसे परत यायची वाट बंद होते. मला याचा मनापासून त्रास होतो आणि तो त्रास पुढच्या पिढीलाही व्हावा असं वाटतं.

प्रश्न : मॅडम, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका जुन्या लिनक्सची फाइल टोरंटने घेतोय. चार दिवस झाले, ९९.२ टक्क्यांवर अडकलीय. नेट चांगलं आहे. माझं काय चुकतंय?
— विद्यार्थी, परभणी

उत्तर : तुझं काहीच चुकत नाहीये. ज्यांच्याकडे पूर्ण फाइल होती ते सगळे सीडर निघून गेले आहेत. जे उरलेत त्या सगळ्यांचे तुकडे एकत्र केले तरी फाइल पुरी होत नाही. तुझ्या प्रोग्रॅममध्ये उपलब्धतेचा आकडा बघ. तो १ च्या खाली, ०.९९ वगैरे असेल, तर शेवटचे तुकडे या घडीला कुणाकडेच नाहीत. खरं तर हे होऊ नये म्हणून बिटटोरंट सगळ्यांत दुर्मीळ तुकडा आधी मागतं, म्हणजे त्याच्या प्रती लवकर वाढतात. पण सगळेच घेऊन पळाले तर कुठलीही युक्ती पुरत नाही.

उपाय सोपा आहे. त्या लिनक्सच्या अधिकृत साइटवर किंवा एखाद्या विद्यापीठाच्या मिररवर, म्हणजे तिची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरवर, तीच फाइल थेट मिळते का बघ. मिळाली तर ती त्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेव आणि प्रोग्रॅमला पुन्हा तपासायला सांग. प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेली खूण, ठरलेला असल्याने फाइल तीच असेल तर क्षणात १०० टक्के दिसेल आणि तूच त्या टोरंटचा सीडर होशील. मग बंद करू नकोस, काही दिवस चालू ठेव. ९९ वर अडकलेला कुणीतरी दुसरीकडेही असणार. मोबाइल डेटावर सीड करायला जाऊ नकोस. तिथे एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, बाहेरून तुझ्यापर्यंत कुणी थेट पोचत नाही. फायबरच्या जोडणीवर काम जास्त चांगलं होतं.

प्रश्न : टेलिग्रामवर नव्या सिनेमांची एक एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर ॲप टाकायची फाइल) आली आहे. ‘सगळे ओटीटी फुकट’ म्हणतात. नवऱ्याने टाकून घेतली. धोका आहे का?
— गृहिणी, कल्याण

उत्तर : आहे. प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेल्या अशा ॲपला सिनेमा दाखवायला एसएमएस वाचायची परवानगी कशाला लागते, एवढंच यजमानांना विचारा. ती परवानगी असेल तर बँकेचा ओटीपीही ते ॲप वाचतं. ॲप काढा. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’च्या यादीत त्याचं नाव असेल तर तिथून आधी बंद करा, नाहीतर कधी-कधी ते निघतच नाही. यूपीआयचा पिन आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० वर फोन करा.

प्रश्न : आमच्या वाचनालयाला आषाढीच्या आदल्या दिवशी प्रभातचा ‘संत तुकाराम’ अंगणात पडदा लावून दाखवायचाय, तिकीट नाही. एका सभासदाने टोरंटवरून चांगली प्रत आणली आहे. जुना सिनेमा आहे म्हणजे चालेल ना?
— कार्यवाह, वाई

उत्तर : तुमचा बेत वाचूनच आनंद झाला. आपल्या कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६० सालच्या सिनेमाचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. ‘संत तुकाराम’ १९३६ चा, म्हणजे सिनेमा म्हणून तो केव्हाच सगळ्यांचा झाला आहे. पण सिनेमातल्या लेखनाचा आणि संगीताचा हिशेब निराळा असतो. तो त्या-त्या माणसाच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. अभंग तुकोबांचे, त्यावर कुणाचा हक्क नाही. मात्र ‘आधी बीज एकले’ हे पद तुकोबांचं नसून शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलेलं आहे, त्याचा हक्क अजून बाकी असू शकतो. म्हणून जाहीर खेळ करायचा तर टोरंटची प्रत वापरू नका. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्यांना वाचनालयाच्या लेटरहेडवर पत्र लिहा आणि प्रदर्शनासाठी प्रत व परवानगी कशी मिळेल ते विचारा. आषाढीला वेळ असतानाच लिहा.

टोरंटची प्रत आणणाऱ्या सभासदाला रागावू नका, त्याला माझा निरोप द्या. जुन्या सिनेमाच्या बाबतीत हे तंत्र मला फार मोलाचं वाटतं. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा. त्याची एकही प्रत आज नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या, कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या काळातली रिळंही जळाली. एका कोठारात एकच प्रत असली की असं होतं. इंटरनेट आर्काइव्ह २०१२ पासून आपल्या संग्रहातल्या लाखो गोष्टी टोरंटनेही देतं. म्हणजे एकच फाइल जगभरच्या कितीतरी घरांत राहते. ज्या मराठी सिनेमांचे सगळे हक्क खरोखर संपलेत, त्यांच्या चांगल्या प्रती अशा पसराव्यात, असं मला फार वाटतं. तुमच्या सभासदाला हौस आहे, तर त्याला आधी यादी करायला सांगा : सिनेमा, वर्ष, लेखक, गीतकार, संगीतकार आणि प्रत्येकाच्या निधनाचं साल. वाचनालयातले जुने दिवाळी अंक आणि चरित्रकोश या कामाला उपयोगी पडतील. यादी तयार झाली की मला पाठवा. हक्कांचा हिशेब आपण मिळून तपासू.