आजीच्या डब्यातलं नाणं कोटीचं असतं का?

जगातल्या दुर्मिळ नाण्यांवरचा लेख आल्यापासून पत्रांची रीघ लागली आहे. बहुतेकांना एकच हवं आहे: आमच्याकडचं नाणं किती लाखांना जाईल? मोबाइलवरच्या फोटोवरून मी कुणालाही किंमत सांगत नाही. पण तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा येत आहेत, म्हणून काही प्रश्न इथे घेतो.

प्र. जगातलं सर्वांत महाग नाणं कोणतं, आणि ते एवढं महाग का? (विद्यार्थी, नाशिकरोड)

लिलावातली बोली धरली तर अमेरिकेचं १९३३ सालचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, ‘डबल ईगल’. जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कला ते सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरना गेलं. ही नाणी मोजकी पाडली होती असं समजू नका. तब्बल ४,४५,५०० पाडली होती. पण त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांकडचं सोनं सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. नाणी चलनात आलीच नाहीत आणि पुढे वितळवली गेली. थोडी टाकसाळीतून चोरवाटेनं बाहेर पडली. त्यांतलं एक इजिप्तचा राजा फारूक याच्याकडे गेलं आणि ते देशाबाहेर नेण्यासाठी १९४४ मध्ये अमेरिकी सरकारनं रीतसर परवाना दिला. त्या परवान्यामुळेच हे नाणं आज उजळ माथ्यानं विकता येतं. फिलाडेल्फियातल्या एका जवाहिऱ्याच्या वारसांकडे याच सालची दहा नाणी निघाली. ती सगळी सरकारजमा झाली, वारसांच्या हाती काही लागलं नाही. सोनं तेच, साल तेच, छाप तोच. फरक फक्त कागदाचा.

प्र. नाणं जितकं जुनं तितकं महाग ना?

नाही. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातली तांब्याची नाणी सोळाशे वर्षांची असूनही युरोपात अगदी स्वस्तात मिळतात.

प्र. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना घेतो, असा फोन आला. आधी नोंदणीचे २,१०० रुपये भरायला सांगतात. भरू का? (गृहिणी, सिडको)

एक पैसाही भरू नका. ते नाणं २०१२ मध्ये आलं, सर्रास चलनात फिरलं, आणि बाजारात त्याचे पाच रुपयेच मिळतील. खरा व्यापारी नाणं घेतो आणि पैसे देतो. जो विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागतो, मग ‘जीएसटी’, मग ‘कमिशन’ म्हणून आणखी उकळतो, त्याला नाण्याशी काही देणंघेणं नसतं. काही जण रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह छापलेलं पत्रही पाठवतात. आपण अशा व्यवहारात कुठेही नाही आणि त्यासाठी कुणालाही शुल्क घेण्याचा अधिकार दिलेला नाही, असा जाहीर इशारा बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. तरी दर आठवड्याला कुणीतरी फसतंच, आणि लाजेपोटी घरात सांगत नाही. पैसे गेले असतील तर लाजू नका. ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

प्र. आमच्याकडे ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ सालचं रामदरबाराचं नाणं आहे. ते चुंबकासारखं तांदूळ ओढतं, असं घेणारा म्हणतो. (पंचवटी)

कंपनीनं रामदरबाराचं किंवा मारुतीचं नाणं कधीही पाडलं नाही. देवघरात आहे तर खुशाल असू द्या, त्याची पूजा करा. पण ते पुराणवस्तू म्हणून विकू नका आणि तसं दुसरं विकतही घेऊ नका. तांदूळ ओढण्याची गोष्ट करणारा माणूस दारात आला, तर त्याला चहा न पाजता पोलिसांना कळवा.

प्र. राणीछाप रुपये काळे पडलेत. चिंच लावू की सोनाराकडून उजळून घेऊ?

काहीही लावू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक जेमतेम चांदीचा भाव देतो.

प्र. शेततळं खोदताना गाडगं लागलं. आत चांदीची नाणी आहेत. वर उर्दूसारखी अक्षरं आहेत, म्हणजे ती मोगलांची, आपली नाहीत, वितळवायला हरकत नाही, असं चुलते म्हणतात. सराफ वजनावर घ्यायला तयार आहे. भावकीत वाटणी करायची आहे. काय करू? (शेतकरी, सिन्नर तालुका)

वाटणी थांबवा. आजच थांबवा. आणि गाडग्याचे तुकडेही फेकू नका.

आधी चुलत्यांच्या म्हणण्याबद्दल. फारसी अक्षरं दिसली की नाणं मोगलांचं, हे ऐकीव ज्ञान आहे. मराठ्यांच्या टाकसाळीही दिल्लीच्या बादशहाच्या नावानंच रुपया पाडत, कारण बाजारात तोच चाले. आपल्या नाशिकच्या टाकसाळीच्या रुपयावर बादशहा शाह आलमचं नाव आणि ‘गुलशनाबाद’ (नाशिकचं तेव्हाचं नाव) असतं. होळकरांच्या अमलातला चांदवडचा रुपयाही फारसीतलाच. तुमच्या गाडग्यात नेमकं काय आहे ते मी न बघता सांगणार नाही, पण ‘आपली नाहीत’ हे तर मुळीच मानू नका.

आता तुमच्याच तालुक्यातली गोष्ट ऐका. १९०६ साली जोगळटेंभीला असाच साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी. सगळी शक राजा, क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप नव्यानं मारलेला होता. असं एखादं नाणं हातात घेतलं, की नहपानाचा चेहरा आणि त्याच्यावर ठोकलेली तीन कमानींची टेकडी, दोन्ही दिसतात. कुठे नाक शाबूत असतं, कुठे टेकडीखालून नुसती हनुवटी डोकावते. सातकर्णीनं क्षहरातांचं, म्हणजे नहपानाचं, कुळ बुडवलं, असं पांडवलेण्यांतला त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख सांगतो. या लेखाला जोगळटेंभीच्या नाण्यांची साक्ष मिळाली. ती मिळाली, कारण साठा एकत्र राहिला आणि नाण्यांचे अभ्यासक रेव्हरंड स्कॉट यांना तो एकत्र अभ्यासता आला. हीच नाणी दहा घरांत वाटली गेली असती, निम्मी मुशीत गेली असती, तर किती नाण्यांवर छाप आहे आणि किती कोरी राहिली, हे कुणाला कळलं असतं? सुटं नाणं फार थोडं बोलतं. कोणतं नाणं कशाबरोबर, किती आणि कुठे होतं, यावरून इतिहास कळतो, आणि एकदा वाटणी झाली की ते जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाला परत जुळवता येत नाही. दरवर्षी नांगराखाली, जेसीबीखाली असे साठे निघतात आणि आठवड्याभरात त्यांची लगड होते. मला याचं फार वाईट वाटतं.

कायद्याचंही ऐका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या सापडलेल्या धनाची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. लपवलं तर तुमचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. ‘सरकार सगळं फुकट घेतं’ हीही अफवाच. सरकारनं साठा ठेवून घेतला, तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा द्यायची तरतूद आहे. जमीन वडिलोपार्जित आणि सामाईक आहे, म्हणून तुमच्या प्रकरणात हिस्से कसे पडतील ते वकिलाला विचारा. त्याआधी नाणी न धुता डब्यात ठेवा, जागेचा फोटो काढा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्या. नाणी वाचायला अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेतली माणसं तुमच्यापासून दूर नाहीत.

परदेशात विकण्याचा सल्लाही कुणी देईल. शंभर वर्षांवरचं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आणि तिथेही आता मूळ विचारतात. सीझरच्या खुनाची आठवण म्हणून ब्रूटसनं पाडलेलं सोन्याचं नाणं २०२० मध्ये लंडनला बत्तीस लाख पौंडांवर गेलं. पुढे त्याच्या मालकीचा इतिहास बनावट निघाला, लिलावगृहाच्या मालकाला अटक झाली आणि २०२३ मध्ये नाणं ग्रीसला परत गेलं.

प्र. सासूबाईंची राजाच्या तोंडाची सोन्याची गिनी आहे. १९३७ च्या एडवर्डच्या गिनीला दहा लाख पौंड मिळाले म्हणे. ही तीच असेल का? (गंगापूर रोड)

जवळजवळ नक्कीच नाही. आठव्या एडवर्डनं डिसेंबर १९३६ मध्येच गादी सोडली. त्याच्या गिन्या नमुन्यापुरत्या पाडल्या गेल्या, चलनात आल्या नाहीत. आपल्याकडच्या घरांत बहुधा पाचव्या जॉर्जची गिनी असते: सुमारे आठ ग्रॅम, बावीस कॅरट. मात्र साल १९१८ असेल तर भिंगानं बघा. सालाच्या वर, घोड्याच्या पायाखालच्या रेषेवर रोमन लिपीतलं बारीक ‘आय’ असेल, तर ती मुंबईच्या टाकसाळीतली. लाखो पाडल्या, म्हणून अतिदुर्मिळ नाही; पण फक्त त्याच एका वर्षी मुंबईत गिन्या पाडल्या गेल्या, म्हणून सोन्याच्या भावात मोडण्याआधी जाणकाराचं मत घ्या. एकाचं नव्हे, दोघांचं. आणि नाणं कुणाकडे ठेवून येऊ नका. पदकात घालण्यासाठी तिला कडी जोडलेली असेल, तर ती काढायलाही सोनाराकडे नेऊ नका. आहे तशीच दाखवा.