रेंजवर जमतं, मग कोर्सवर काय होतं?

"रेंजवर बॉल मस्त बसतो मॅडम, कोर्सवर गेलं की सगळं बिघडतं, आणि आता तर खेळायची मजाच गेलीये." हे मी इतक्या गोल्फ खेळणाऱ्यांकडून ऐकलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. (रेंज म्हणजे सरावाचं मैदान, कोर्स म्हणजे खऱ्या खेळाचं.)

त्यातलेच एक गृहस्थ, पन्नाशी उलटलेले, हँडिकॅप १४ (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला). राउंड, म्हणजे कोर्सवरचा एक पूर्ण डाव, खराब गेला की संध्याकाळभर घरात कोणाशी बोलायचे नाहीत. पहिल्या भेटीत मी म्हटलं, शेवटचा चुकलेला पट, म्हणजे बॉल होलमध्ये घालायचा हलका फटका, सांगा. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, दोन्ही हातांत पटरसारखं धरलं. "तीन फुटांचा होता हो. हा तर जायलाच पाहिजे होता!" 'जायलाच' म्हणताना पेनावरच्या अंगठ्याचं नख पांढरंफटक पडलं. मी वहीत एकच अक्षर लिहिलं, 'च'.

पुढचे सगळे सेशन आम्ही खरं तर त्या 'च'वरच घालवले. चांगलं खेळावंसं वाटणं वेगळं आणि खेळलंच पाहिजे हा स्वतःला सोडलेला हुकूम वेगळा. हुकूम सुटला की मन हातांवर पहारा करायला लागतं, आणि सरावाने बसलेली हालचाल पहाऱ्यात बिघडते. जिना आपण बोलत बोलत उतरतो, पण प्रत्येक पायरीला पाय कसा टाकतोय ते बघत उतरून बघा, नक्की अडखळाल. रेंजवर एक बॉल वाकडा गेला तर पुढचा समोर तयार असतो, म्हणून तिथे हुकूम नसतो. हात तेच असतात.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "१४ म्हणजे नेमकं काय?"

"माझा ॲव्हरेज खेळ."

मी नियम वाचून बसले होते. म्हटलं, मोबाईलमधले शेवटचे २० राउंड काढा आणि हँडिकॅपला जे धरतात त्यांवर खूण करा. ते एकेक खूण करत गेले. ८ झाले.

"बाकीचे १२?"

"ते धरत नाहीत, फक्त बेस्ट ८ चा ॲव्हरेज..." आणि थांबले. मीही गप्प बसले, अशा वेळी गप्प बसणं हेच माझं खरं काम असं मी मानते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे हा माझ्या चांगल्या दिवसांचा ॲव्हरेज आहे. आणि मी दर वेळी तोच मागतोय."

नियम त्यांना कित्येक वर्षं पाठ होता, मी नवीन काहीच सांगितलं नव्हतं. त्या ८ मधलेही निम्मे साधारण सरासरीच्या वरच, म्हणजे तिच्यापेक्षा वाईटच असणार, म्हणजे २० मधले चारेक राउंडच हँडिकॅपइतके जायचे, आणि बाकी सगळ्या संध्याकाळी हा माणूस स्वतःला नापास करून घरात गप्प बसत होता. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग पुढचं सोपं गेलं. आठ फुटांवरून टूरवरचे प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडूसुद्धा साधारण निम्मेच पट घालतात, हे त्यांनीच शोधून आणलं. त्यांच्यातलाच रोरी मॅकिलरॉय २०११ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी चार शॉट पुढे असताना ८० शॉट खेळून हरला आणि दोनच महिन्यांनी यूएस ओपन आठ शॉटनी जिंकला, हेही.

तुम्हालाही हाच त्रास असेल तर एवढं करून बघा. राउंड चार तासांचा, पण एक स्विंग दोन सेकंदांचाही नसतो, ९० शॉट धरले तरी प्रत्यक्ष मारणं तीनेक मिनिटांत संपतं. बाकीचा वेळ तुम्ही चालत असता आणि त्याच वेळात मन मागचा पट उगाळतं. म्हणून चिडायचं तर क्लब बॅगेत जाईपर्यंत मनसोक्त चिडा, नंतर सोबतच्या माणसाशी बोला, गवत बघा, वारा कुठून येतोय ते बघा. बॉलपाशी आल्यावर बॉल कुठे जायला हवाय ते ठरवा, एक श्वास सोडा आणि मारा, हातांना सूचना नकोत. आणि अधूनमधून ९ होल स्कोअर न लिहिता खेळा, हे सगळ्यात जड जातं पण नक्की करा.

त्या गृहस्थांचा हँडिकॅप अजून १४ च आहे. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला शॉट मारायच्या जागी, चार माणसं बघत असली की हात अजून थरथरतात, ते घालवायच्या मागे आम्ही लागलोच नाही. "थरथरत मारतो आता," म्हणाले, आणि पेन उचलून दाखवलं, या वेळी अगदी सैल धरून.