खालच्या डिव्हिजनची गर्दी आणि माझे १२३ रुपये

प्रश्न असा आहे की इंग्लंडमधल्या तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनच्या, म्हणजे लीगच्या खालच्या पायऱ्यांवरच्या, फुटबॉल क्लबांना एखाद्या दशकात मैदान पुरत नाही आणि वीस वर्षांनी त्याच मैदानात कावळे बसतात, तर हे सगळं टीमच्या हार-जीतवरच असतं का.

नाही. इथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हा प्रश्न मला आधी एकदा विचारला गेलाय, माझ्या सख्ख्या काकांनी, आमच्या अंगणात, दहा लोकांसमोर. तेव्हा शब्द जरा वेगळे होते. "लोकं आली नाहीत म्हणतोस, मग पैसे कुठं गेले बे?"

तर सविस्तर लिहितो.

सोलापुरात आमच्या भागात एक फुटबॉल क्लब होता. नाव सांगत नाही, क्लब आता उरला नाही आणि जे उरलेत ते नातेवाईक आहेत. बाबा मिलमध्ये साचे खात्यात होते. पहिली पाळी साडेतीनला सुटायची, भोंगा झाला की गेटातून माणसांचा लोंढा बाहेर पडायचा आणि मिल ते चाळ या वाटेवर, रेल्वे लाइनीच्या अलीकडं, आमचं मैदान होतं. मैदान म्हणजे मुरूम. एका बाजूला मातीचा बांध होता, तीच गॅलरी. मॅच साडेचारला. लोक हातात रिकामा डबा, भुवयांवर कापसाची पांढरी लव, असे सरळ बांधावर येऊन बसायचे. मॅच बघायला आले असं म्हणणंसुद्धा चूक आहे, ते घरी चालले होते आणि मधे मॅच लागली होती. शेंगा फोडत बसायचे आणि रेफरीला मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत शिव्या घालायचे. आमची टीम भिकार होती. गोलकीपरच्या हातातून बॉल साबणासारखा सुटायचा. मी स्वतः ०-५ हरलेली मॅच बघितलीय, बांध गच्च भरलेला, पाच गोल खाल्ले तरी कुणी उठलं नाही कारण घरी जाऊन करणार काय, घर एका खोलीचं आणि टीव्ही चाळीत एकाकडंच.

आता इंग्लंडकडं बघा, तिथं हीच गोष्ट आधी होऊन गेलीय. शनिवारी दुपारी तीनला मॅच का असते? देवानं सांगितलं म्हणून नाही. १८५० च्या फॅक्टरी कायद्यानं कापड गिरण्यांमधलं बायका-पोरांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवायला लावलं, त्यांच्याविना गिरणी चालेना, हळूहळू सगळ्यांनाच अर्धा दिवस मोकळा मिळाला आणि त्या मोकळ्या अर्ध्या दिवसात फुटबॉल जाऊन बसला. उत्तर इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणगावांत क्लब उगीच इतके दाटीनं नाहीत. ओल्डहॅम घ्या. सूतगिरण्यांचं गाव, जगातल्या सगळ्यात मोठ्या सूत कातणाऱ्या गावांपैकी एक. १९३० च्या जानेवारीत तिथल्या बाउंड्री पार्कवर एफए कपच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या बाद फेरीच्या स्पर्धेच्या, एका मॅचला ४६,४७१ माणसं आली होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर तर कळसच झाला, १९४८-४९ च्या हंगामात सगळ्या लीगची मिळून प्रेक्षकसंख्या ४ कोटी १२ लाखांवर गेली. युद्धातून परत आलेली पोरं, हातात पगार आणि खर्च करायला दुसरं काही नाही. तिथून उतरण लागली ती थेट १९८५-८६ पर्यंत, त्या हंगामात १ कोटी ६५ लाख. निम्म्याहून किती कमी ते तुम्हीच बघा.

आता कुणी म्हणेल या चाळीस वर्षांत सगळ्या टीम हरत होत्या का. कशा हरतील हो, एक हरली की दुसरी जिंकतेच ना! लीगमधली एकूण जीत-हार तेवढीच राहते आणि गर्दी मात्र सव्वादोन-अडीच कोटींनी कमी होते. हा एकच मुद्दा काकांना तेव्हा सुचून सांगता आला असता तर... पण तेव्हा आकडे माझ्याकडं नव्हते.

मग झालं काय? शनिवार बदलला. पाच दिवसांचा आठवडा आला, म्हणजे कामावरून थेट मैदानात जाणारी माणसं संपली, आता घरातून उठून मुद्दाम जावं लागणार. घरात टीव्ही आला, दारात गाडी आली, आणि गाडी असली की गावातल्या टीमऐवजी माणूस तासाभरावरच्या मँचेस्टर नाहीतर लिव्हरपूलला जातो. ओल्डहॅम तर मँचेस्टरच्या कुशीत. १९६१ मध्ये खेळाडूंच्या पगारावरची आठवड्याला २० पौंडांची मर्यादा उठली, मग चांगला पोरगा छोट्या गावात टिकेना. १९६२ मध्ये अॅक्रिंग्टन स्टॅनली हा क्लब हंगाम अर्धवट टाकून लीगमधून बाहेर पडला, पैसेच नव्हते. पुढं प्रेक्षकांच्या मारामाऱ्या, त्यांना आवरायला कुंपणं, आणि लाकडी गॅलऱ्या तशाच राहिलेल्या. ११ मे १९८५ ला ब्रॅडफर्डच्या गॅलरीला आग लागून ५६ माणसं गेली. त्या दिवशी लोक कशाला आले होते माहीत आहे का, टीमनं तिसरी डिव्हिजन जिंकली होती, तो कप बघायला. याच्यावर मला जास्त लिहवत नाही.

आमच्याकडं परत येतो. बाबांची मिल बंद पडली. सोलापुरात मिल बंद पडणं म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही. बाबा पॉवरलूमवर लागले. तिथं मीटरवर पैसे, बारा-बारा तास, उठून मॅच बघायला गेलं तर तेवढी मजुरी बुडाली. भोंगाच नाही तर साडेतीन वाजलेत हे कळणार कुणाला? बांधावरची माणसं वर्षा-दीड वर्षात निम्मी झाली.

आणि गंमत अशी की नेमकं तेव्हाच आमची टीम जिंकायला लागली. काका सेक्रेटरी होते, खटपटी माणूस, कुठून कुठून पोरं आणली, दोन तर कोल्हापूरची. काकांचं एकच पालुपद, "जिंकाय लागलो की येतेत बे लोकं, कुठं जातेत." त्या जोरावर त्यांनी दोन निर्णय घेतले. एक, स्पर्धा विजापूर रोडच्या पार पुढं, पक्क्या भिंतीच्या मैदानावर न्यायची, म्हणजे फुकटे आत येणार नाहीत. दोन, फायनल शनिवारी दुपारी दोनला ठेवायची, कारण प्रमुख पाहुण्यांना तेव्हाच वेळ होता. मी म्हटलं काका, दोनला ऊन किती असतंय, आणि सायकलवरून एवढ्या लांब येणार कोण. मला म्हणाले तू गेटवर बस, अक्कल शिकवू नको.

बसलो. पत्र्याचा डबा, गुलाबी तिकिटांची १०० ची चार पुस्तकं, तिकीट ३ रुपये. मार्च १९९६. मैदानात आमची टीम ३-१ नं कप जिंकत होती आणि मी गेटवर भिंतीची सावली कुठपर्यंत सरकली ते बघत होतो. तिकिटं गेली ४१. त्यातली सात आमच्याच घरात. हलगीवाले दोघं फुकट. संध्याकाळी काकांनी डबा सतरंजीवर उपडा केला, १२३ रुपये, परत उचलून आत बघितलं, तळाला थाप मारली, जणू उरलेले हजारभर तळाला चिकटलेत. मग वर बघून ते वाक्य, जे वर लिहिलंय.

मी उरलेली ३५९ तिकिटं समोर ठेवली. तर म्हणाले, तिकीट न देता पैसे घेतले असशील. याला उत्तर काय? नाहीच. बाबा काही बोलले नाहीत, त्याचं जास्त लागलं.

तर एवढ्यापायी मी तीस वर्षं इंग्लंडच्या गर्दीचे आकडे वाचतोय. बायको म्हणते दुसऱ्यांच्या गावची माणसं मोजतोस. मोजतोच.

ब्रॅडफर्डचीच पुढची गोष्ट घ्या. २००७ मध्ये टीम घसरत चौथ्या डिव्हिजनमध्ये आली. काकांच्या हिशोबानं स्टेडियम रिकामं व्हायला हवं. क्लबनं काय केलं, अख्ख्या हंगामाचं तिकीट १३८ पौंडांना काढलं, बाकीचे क्लब मागत होते त्याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि चौथ्या डिव्हिजनमध्ये सरासरी १३ हजारांच्या वर लोक. एकदा वर्षाचे पैसे भरले की माणूस हरणारी मॅचही बघतो आणि शेजारी रोज तोच माणूस बसतो, म्हणजे आमचा बांधच झाला की. १९९० नंतर तिकडं गर्दी परत वाढली त्यात नव्या सुरक्षित गॅलऱ्या आहेत, बायका-पोरं येऊ लागली ते आहे, आणि शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर लाइव्ह मॅच दाखवायची नाही हा जुना नियम आहे तोही आहे. अलीकडं खालच्या तीन डिव्हिजनमध्येच वर्षाला २ कोटींहून जास्त लोक जातात. वेल्समधल्या रेक्सहॅम क्लबला दोन नट मालक मिळाले आणि मालिका निघाली, ते वेगळं प्रकरण, त्याचा धडा कुणी घेऊ नये, प्रत्येक गावाला नट कुठून आणायचा.

कोल्हापूरकर इथं येऊन सांगतीलच की आमचं शाहू स्टेडियम बघा. बघितलंय. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या टीम समोरासमोर आल्या की काय होतं ते पण बघितलंय. पण तिथं टीम पेठेची आहे, तालमीची आहे, आजोबा-बाप-नातू एकाच तालमीचे आणि स्टेडियम पेठांपासून पायी. तुम्ही तेच स्टेडियम उचलून हायवेला न्या, मग बोलू.

माझं मत विचाराल तर जिंकण्यानं पाहुणे येतात, घरचे येत नाहीत. घरचा माणूस येतो वाट सोयीची आहे म्हणून, वेळ ठरलेली आहे म्हणून, शेजारी ओळखीचा आहे म्हणून, आणि बापानं लहानपणी खांद्यावर बसवून आणलं होतं म्हणून. यातलं एक तुटलं तर चालतं, दोन तुटली तर एक पिढी जाते. म्हणून तुमच्या ओळखीत कुणी क्लबचा सेक्रेटरी असेल तर त्याला सांगा, पाहुण्यासाठी मॅचची वेळ बदलू नको, मैदान हलवू नको, आणि गेटवर पुतण्या बसवला असेल तर आधी भिंतीबाहेर जाऊन सायकली मोज, मग डबा उपडा कर.

आता दोन-तीन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, जिंकण्यानं काहीच होत नाही असं नाही. ओल्डहॅम १९९१ मध्ये वर चढलं, १९९२ ला प्रीमियर लीग, म्हणजे सगळ्यात वरची डिव्हिजन, सुरू झाली तेव्हा त्यात होतं, तेव्हा लोक आलेच. नंतर १९९४ मध्ये जे घसरलं ते २०२२ ला थेट लीगच्याच बाहेर, प्रीमियर लीग खेळलेला असा पहिला क्लब. वर्षानुवर्षं हरल्यावर घरचेही कंटाळतात, एवढं काकांना देतो. दुसरं, माझा मुलगा मोबाइलवर आर्सेनल बघतो आणि मी त्याला एकदाही इथल्या मैदानावर नेलेलं नाही, खांद्यावर बसवायचं वय गेलं.

आणि तिसरं, जे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. ती फायनल ९ मार्च १९९६ ला होती. त्या दिवशी बेंगळुरूला वर्ल्ड कपची भारत-पाकिस्तान क्वार्टर फायनल होती. होय, तीच, सिद्धूचे ९३ आणि प्रसादनं सोहेलचा त्रिफळा उडवला ती. सोलापुरात त्या दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मग मी एवढं सगळं का लिहिलं म्हणाल, तर आदल्या आठवड्यातल्या सेमीला भारताची क्रिकेट मॅच आडवी नव्हती आणि तिकिटं ५८ गेली होती. त्या डब्यावर मी नव्हतो, काकांचा मुलगा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

काकांनी मात्र आजवर एकदाही क्रिकेटचं नाव काढलेलं नाही. फुटबॉलवाला माणूस क्रिकेटपायी मॅच चुकवेल हे त्यांना पैसे खाण्यापेक्षा मोठं पाप वाटतं. आता ऐंशी ओलांडलीत. मागच्या लग्नसराईत पंगतीला शेजारी बसले होते, मी विषय काढला नव्हता, तरी आमटी ओरपता ओरपता आपणच म्हणाले, "त्या वर्षी पाऊस होता बे फायनलला, म्हणून आली नाहीत लोकं."

सोलापुरात, मार्चमध्ये, दुपारी दोनला. मी म्हटलं, हो काका, होता.