मेननचा माणूस

प्रश्न : माझ्या वडिलांचे काका, आमचे आप्पाआजोबा, घाटकोपरला राहायचे. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत ते काँग्रेसचे उमेदवार, तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या प्रचाराला घरोघर फिरले होते. परवा जेवताना मावसभाऊ म्हणाला, ‘‘म्हणजे ते कम्युनिस्टच!’’ आई भडकली. आप्पा जन्मभर खादी घालणारे, पक्के काँग्रेसवाले. भाऊ ऐकेना : मेनन डावे, त्यांच्यासमोर उभे असलेले आचार्य कृपलानी उजवे, मग मेननचा माणूस कोण? खरं कुणाचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आईंचं. पण भाऊ एकटाच चुकलेला नाही. तेव्हा अख्खी मुंबई हेच भांडण भांडत होती. मी नऊ वर्षांचा होतो, पार्ल्याला. वडील प्रजा समाजवादी, म्हणून घरात कृपलानींची पत्रकं. शेजारचे नाना मेननवाले. नाना वडिलांना ‘अमेरिकेचे दलाल’ म्हणत, वडील नानांना ‘लालभाई’. आणि अमेरिकेचा गहू रेशनच्या दुकानातून दोघांच्याही घरी यायचा!

आता कृपलानी ‘उजवे’ कसे ते बघा. गांधीजींचे चंपारणपासूनचे सोबती, १९४७ मध्ये सत्तांतर झालं तेव्हाचे काँग्रेसचे अध्यक्ष, पुढे प्रजा समाजवादी पक्षाचे नेते. १९६२ ला उभे राहिले अपक्ष. पाठीशी त्यांचा जुना पक्ष, खासगी उद्योगांची बाजू घेणारा ‘स्वतंत्र’ नावाचा पक्ष आणि जनसंघ. तिघांचं आपसात कशावर एकमत होतं म्हणाल, तर मेनन नकोत यावर. स्वतंत्रवाले मोठ्याने बोलत, म्हणून शिक्का त्यांचा बसला.

मेनन यांनी कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्व कधी घेतलं नाही. लंडनमध्ये होते तेव्हा ते मजूर पक्षाचे नगरसेवक होते. १९५६ साली हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले, त्या वेळी युनोत भारताच्या वतीने त्यांनी घेतलेली सोव्हिएतांना सांभाळून घेणारी भूमिका त्यांना कायमची चिकटली. त्यात कम्युनिस्टांनी मुंबईत त्यांना उघड पाठिंबा दिला. मग काय, रंग पक्का! कृपलानींचा खरा मुद्दा मात्र रंगाचा नव्हताच. सरहद्दीवर चीन पुढे सरकतोय आणि संरक्षणमंत्र्यांनी सैन्यात गटबाजी माजवलीय, हे ते १९६१ च्या एप्रिलमध्ये लोकसभेत बोलले होते. प्रचारात त्याची घोषणा झाली : ‘चीनी हमला होते हैं, मेनन साब सोते हैं.’ आम्ही पोरं ती गल्लीत ओरडायचो. नाना काठी घेऊन मागे लागायचे.

तरी मेनन लाखाहून जास्त मतांनी आले. का? डिसेंबरात गोवा मुक्त झाला होता आणि संरक्षणमंत्री तेच होते. कृपलानींचे लोक म्हणत, हा निवडणुकीचा खेळ आहे. ते बोलणं मराठी घरांत कसं रुचणार? ज्यांचे नातलग मडगाव-म्हापशाला, त्यांच्या घरी तेव्हा पेढे वाटले गेले होते. त्यात पंडितजी स्वतः प्रचारात उतरले आणि मेनन यांना मत म्हणजे माझ्या धोरणाला मत, असा सूर त्यांनी लावला. दिलीपकुमारही मेनन यांच्या सभांना होते. घाटकोपरच्या काँग्रेसवाल्याने यात वेगळं काय करायचं? आप्पांनी पक्षाचं काम केलं, एवढंच.

ऑक्टोबरात चीनने हल्ला केला. नोव्हेंबरात मेनन मंत्रिमंडळाबाहेर गेले आणि संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण दिल्लीला. वडील जिंकल्यासारखे वागले नाहीत. नानांशी मात्र महिनाभर बोलले नाहीत, ते का, मला आजवर कळलं नाही.

भावाला अजून वाद घालायचाच असेल, तर १९६७ काढा. त्या साली काँग्रेसने मेनन यांचं तिकीट कापलं. ते ईशान्य मुंबईतून अपक्ष लढले, समोर काँग्रेसचे स. गो. बर्वे. या खेपेला मेनन ‘उपरे’ ठरले. शिवसेनेला जेमतेम वर्ष होत होतं, आणि तिने हाच प्रचार केला. पाच वर्षांपूर्वीचा ‘लाल’ आता ‘मद्रासी’ झाला, खरा तो कोळिकोडचा मल्याळी. थोड्या मतांनी मेनन पडले.

तेव्हा आईंना विचारा, आप्पाआजोबा त्या वर्षी बर्व्यांच्या पत्रकांची पिशवी घेऊन फिरले की मेनन यांच्या? बर्व्यांच्या असेल तर आई म्हणतात तसंच. मेनन यांच्या असेल, तर मला पुन्हा लिहा. मग भावाशी जरा बोलावं लागेल.